जकातीचा कारकून आणि आईचा धवला

जर्मन तत्त्वज्ञानाशी माझी गाठ पंपांमुळे पडली. तळोज्याच्या एका कारखान्यात मी जन्मभर भाषांतरकार म्हणून नोकरी केली. जर्मनीहून यंत्रं यायची, यंत्रांबरोबर जाडजूड पुस्तिका यायच्या, आणि कोणती झडप आधी बंद करायची नि कोणती नंतर, हे आपल्या माणसांना समजेल अशा भाषेत लिहून देणं हे माझं काम. चूक झाली तर गरम तेल कुणाच्या तरी अंगावर, म्हणून मी एकेक शब्द तोलून लिहायची. त्या सगळ्या वर्षांत कागदावर देवाचा विषय कधी निघाला नाही. निघाला असता तर मी त्याला सुटे भाग म्हणून शेवटच्या पानावर टाकलं असतं.

निवृत्त झाल्यावर एका ओळखीच्या प्राध्यापकबाईंचा फोन आला. भाषा, बुद्धी आणि देव यांवरून जर्मन विचारवंतांनी जे वाद घातले, त्यावरचा एक लांबलचक निबंध त्यांना मराठीत हवा होता. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले. ज्याला पंप कळतो त्याला परमेश्वर कळायला काय हरकत आहे, असं मला तेव्हा वाटलं. पहिली चौदा पानं झाली, आणि आईला झटका आला.

उजवा हात लुळा पडला, पाय थोडा ओढला गेला. ते दोन महिन्यांत बरंच सुधारलं. वाचा मात्र गेली ती गेलीच. उरले दोन शब्द: ‘नाय’ आणि ‘बाय’. ‘बाय’ म्हणजे मी. ‘नाय’ म्हणजे काहीही. चहा हवा तरी नाय, नको तरी नाय, पंखा लाव तरी नाय. आम्ही तिच्या डोळ्यांकडे बघून अर्थ लावायचो आणि निम्म्या वेळा चुकायचो.

दुसऱ्या कुणाची वाचा गेली असती तर मी देवाला इतका दोष दिला नसता. पण माझी आई धवलारीण. आमच्या आगरी लोकांत लग्न लावायला पूर्वी भटजी असेलच असं नाही, धवलारीण मात्र लागायचीच. मांडवात पाटावर बसून ती धवला सांगते, म्हणजे गाते. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला वेगळा. त्यातला मोठा धवला आवतणाचा. गावदेवी, डोंगरावरचे देव, खाडी, मिठागराचे बांध, आणि घरातली गेलेली वडीलधारी माणसं, एकेकाला नाव घेऊन लग्नाला बोलवायचं. कुणाला विसरलं तर तो रुसतो. यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नाही. आई शाळेत गेली नाही, अंगठा उठवते, आणि तरी सलग तीन तास धवला सांगायची. पनवेल-उरण भागातल्या शेकडो जोडप्यांचे संसार तिच्या तोंडून सुरू झालेत.

मी ते शिकले नाही. आईनं दोनदा विचारलं होतं, ‘शिकतंस काय, बाय?’ मी तेव्हा जर्मन शिकत होते. परक्या देशातलं गाणं कळावं म्हणून रात्रंदिवस घोकणारी पोर, आणि घरातल्या गाण्याला म्हणाले, मना वेल नाय. याची मला लाज वाटते, आणि ती मी इथे लिहून ठेवते.

दादूसचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, बंगला गावात आहे, खाडीकडच्या बाजूला. तीन मजले, ग्रॅनाइटचे जिने. एका पायानं लंगडणाऱ्या म्हातारीला तिथे ठेवणं म्हणजे रोज परीक्षा. माझ्या नवीन पनवेलच्या इमारतीला लिफ्ट आहे आणि वाचा-उपचार करणारी मुलगी दोन गल्ल्या सोडून बसते, म्हणून आई माझ्याकडे आली. बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. सकाळी मी जेवणाच्या टेबलावर निबंध पसरायची, आई समोर खुर्चीत बसायची. एका बाजूला जर्मन लोक देवाबद्दल भांडत, दुसऱ्या बाजूला आई गप्प.

भांडण थोडक्यात असं होतं. अडीचशे वर्षांपूर्वीचा एक धर्मोपदेशक म्हणाला, भाषा देवानंच दिली, आयती दिली. त्याचं गणित सोपं होतं. भाषा बनवायची तर आधी बुद्धी हवी, आणि भाषेशिवाय बुद्धी चालतच नाही. मग माणसानं ती बनवली कधी? म्हणजे देवानं दिली. एका तरुण पाद्र्याला हे पटलं नाही. तो म्हणाला, माणसासमोर मेंढी येते, बें करते. तो आवाज माणसाच्या मनात खूण म्हणून बसतो. पुढच्या वेळी तो ओळखतो, अरे, ही तीच, बें करणारी. झाला पहिला शब्द. देवाला खाली येऊन शाळा घ्यायची गरज नाही, देवानं माणूसच असा घडवला की शब्द त्याच्या आतून फुटावा. मला हा पाद्री आवडला. पनवेलजवळच्या नेऱ्याच्या बाजूला शेळ्या राखणाऱ्या बाया मी पाहिल्यात, त्या पन्नास शेळ्यांतली एकेक आवाजावरून ओळखतात.

पण माझं मन अडकलं ते धर्मोपदेशकाच्या वाक्यात. भाषेशिवाय बुद्धी नाही. मी ते स्वच्छ मराठीत उतरवलं, पूर्णविराम दिला, आणि मान वर करून आईकडे पाहिलं. म्हणजे समोर बसलेली ही बाई कोण? डॉक्टरांनी आपल्याला आईचं शरीर परत दिलं, बाकीचं गेलं?

आई तेव्हा भिजवलेले वाल सोलत होती. डाव्या हातानं एकेक वाल दाबायची, साल उडवायची, दाणा बोटावर फिरवून बघायची. किडका निघाला की बाजूच्या वाटीत. मी वाकून बघितलं. पातेल्यात एकही किडका नव्हता, वाटीत एकही चांगला नव्हता. हातच्या कांकणाला आरसा कशाला! मी त्या धर्मोपदेशकाला मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, तू कधी बिरड्याचे वाल सोललेस का?

पण खरं सांगायचं तर माझी खात्री दिवसभर टिकायची नाही. एकदा आईनं कंगव्यावर टूथपेस्ट लावली. एकदा माझ्याच मोबाईलवरचा माझा फोटो बघून ती परक्यासारखी हसली. अशा दिवशी मला निबंध उघडवायचा नाही.

मग निबंधात एक कारकून आला. बंदराच्या गावात जकातीच्या कचेरीत नोकरी करायचा, बोलताना अडखळायचा. जीभ त्याची वैरी, आणि लिहायचा तेही असं की देव आठवावा. एकेक वाक्य तीन-तीन वेळा वाचूनही उमगायचं नाही. ‘मेल्या, सरळ बोल की!’ असं मी मोठ्यानं म्हणायची आणि आई दचकायची. त्याच गावात त्याचा एक मित्र होता, पुढे जगभर गाजलेला तत्त्वज्ञ. तो मित्र बुद्धी धुऊन काढायला बसला होता. सवय नको, अनुभव नको, परंपरा नको, जे उरेल ती शुद्ध बुद्धी. कारकून म्हणाला, असं धूत गेलात तर हातात काही उरणार नाही, कांदा सोलल्यासारखं होईल. बुद्धी म्हणजे भाषाच. आणि भाषा शुद्ध नसते. ती कुणीतरी कुणाला तरी दिलेली असते, वापरून मळलेली असते, आईकडून लेकराकडे येते.

आणि देव? या बाबतीत कारकुनाचं म्हणणं मला पहिल्या वाचनात खोटं वाटलं, दुसऱ्या वाचनात रडू आलं. त्याच्या मते देव वरून फर्मान काढत नाही. त्याला माणसाशी बोलायचं असतं म्हणून तो वाकतो, खाली येतो, आणि माणसाच्या तोडक्यामोडक्या बोलीत बोलतो. झाडापानांतून, जनावरांतून, साध्यासुध्या माणसांच्या तोंडून. त्याचं बोलणं ऐकू आलं तरच माणसाला बोलता येतं. देवानं दिली की माणसानं बनवली हा प्रश्नच त्याला पटत नव्हता. बोलणं एकट्यानं होत नाही, मग एकट्याच्या नावावर कसं मांडायचं? अडखळणाऱ्या माणसालाच हे सुचावं यात मला नवल वाटलं नाही.

त्याच सुमारास पुतणीचं लग्न ठरलं. दादूसची धाकटी, आईच्या अंगाखांद्यावर वाढलेली. दादूस मला सांगायला आला, पेढ्यांचा बॉक्स आईच्या मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘पलस्प्याला हॉल घेतलाय. मोठा हाय, एसी हाय. भटजी पनवेलचा.’

‘आणि धवला?’

‘हाय ना. त्या मामाच्या पोरीच्या लग्नात आईचा आख्खा धवला रेकॉर्ड केला होता, माज्या मोबाईलवर हाय. साउंडवाल्याला देतो. आवाज आईचाच, कुनाला कलनार बी नाय.’

‘आई जिवंत बसलीय समोर, आणि तू तिचं रेकॉर्डिंग लावणार?’

‘मंग काय करू?’ दादूसचा आवाज चढला. ‘हजार मानूस येनार. मांडवात ती नाय नाय करत बसली तर? हसतील लोकं. आमच्या आईला हसतील. आनि तिला आता काय कलतंय, बाय? तूच सांग.’

आई आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मग तिनं पेढ्यांचा बॉक्स डाव्या हातानं उचलला आणि टेबलावर ठेवला, दादूसपासून लांब. ‘नाय,’ ती म्हणाली. दादूसनं माझ्याकडे असं बघितलं, की बघितलंस ना?

दादूस वाईट नाही. बाबांच्या आजारपणात त्यानं रात्री जागवल्यात. त्याला भीती वाटत होती, आणि आमच्या घरातले पुरुष घाबरले की मोठ्यानं बोलतात. पण त्या दिवशी मला त्याचा इतका राग आला, की मी म्हटलं, ‘नातीचा धवला आईच सांगेल. मी करून घेईन तिच्याकडून.’ उचलली जीभ लावली टाळ्याला! दादूस म्हणाला, ‘सांगली तर सोनं. नाय सांगली तर रेकॉर्डिंग तयार ठेवतो.’ तेवढ्यावर तो गेला. लग्नाला सात आठवडे होते.

उपचार करणाऱ्या मुलीनं मला धीर दिला. ‘आजींना गायला लावून बघा. गाण्याचा रस्ता मेंदूत वेगळा असतो. बोलता न येणारी माणसंसुद्धा कधीकधी गाताना आख्खी ओळ म्हणतात.’ त्याच संध्याकाळी मी रेकॉर्डिंग लावलं. आईनं डोळे मिटले, मान हलवायला लागली, आणि तिसऱ्या ओळीला तिच्या तोंडून शब्द आले. पुसट, घसरलेले, पण शब्द. आठ महिन्यांनी. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले आणि मग तोंड धुऊन परत आले.

इथून पुढे मी जे केलं ते एखाद्या भाषांतरकार बाईलाच सुचेल. मी ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकून सगळा धवला वहीत उतरवून काढला. ओळींना आकडे दिले. देवांची यादी केली, कोण आधी, कोण नंतर. रोज सकाळी दहा ते अकरा शिकवणी. आई ओळ सुरू करायची, एका देवाचं नाव घ्यायची आणि थांबायची. थांबली की मी वहीत बोट ठेवून पुढचा शब्द पुरवायची. कारखान्यात जर्मन इंजिनिअर बोलताना अडला की मी असाच शब्द पुरवायची, आणि ते खूश व्हायचे. मला वाटलं, मी तिला हात देतेय.

पहिल्या आठवड्यात आई पंधरा ओळींपर्यंत गेली. दुसऱ्या आठवड्यात दहा. तिसऱ्या आठवड्यात ती एक ओळ म्हणायची, थांबायची, मी शब्द द्यायची, आणि ती तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसायची. चौथ्या आठवड्यात मी वही उघडली की ती ओठ घट्ट मिटायची. एकदा तर तिनं चांगल्या हातानं वही ढकलून दिली, तिच्याबरोबर टेबलावरचे वाल खाली सांडले. माझा तोल गेला. मी म्हणाले, ‘आये, तू प्रयत्नच करत नायस. दादूस बोलतो तेच खरं.’

आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, मला तोच हवा होता. मी खाली बसून वाल वेचले. माझ्या आयुष्यात मी बोललेलं सगळ्यात वाईट वाक्य तेच.

त्यानंतर चार दिवस मी शिकवणी घेतली नाही. निबंधही पुढे सरकला नाही. पाचव्या दिवशी चिरनेरची मावशी आईला भेटायला आली. रक्ताची मावशी नव्हे. आई पुढे सांगायची आणि ही मागून म्हणायची, अशी तीस-पस्तीस वर्षांची दोघींची जोडी. धवला एकटीनं होत नाही, एक सांगते आणि दुसऱ्या बाया झेलतात. मावशीनं पिशवीतून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट काढली, आईच्या शेजारी बसली आणि काही न विचारता आवतणाचा सूर धरला. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि पहिली ओळ म्हटली. गावदेवीचं नाव घेतलं. थांबली.

माझ्या तोंडून सवयीनं पुढचा शब्द निघाला.

मावशीनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. जोरात. ‘गप बस गो. मदी कशाला बोलतंस?’

‘मावशी, ती विसरते. मी आठवण करून देते.’

‘इसरली नाय. ती थांबली हाय.’ मावशी मला लहान पोरीला सांगावं तसं सांगायला लागली. ‘नाव घेतला, आता देव यायला नको? त्याला वाट चालून यायची हाय. तो आला, बसला, मंग दुसऱ्याला हाक. तू देवाला उंबऱ्यातच ढकलतंस आनि दुसऱ्याला बोलवतंस. कसा येल कोन?’

‘पण रेकॉर्डिंगमध्ये कुठे थांबलीय ती?’

‘तवा आमी मागं म्हनत होतो. पोरांचा गलका, बाजा, भांडी. तुला कसा ऐकू येल? आईच्या गुरूची रीत हाय ही, आमी दोगीच पालतो. बाकीच्या धवलारनी भराभर सांगतात, त्यांना तीन लग्नं गाठायची असतात.’

मी वही मिटली. चार आठवड्यांचं नाही, चाळीस वर्षांचं शहाणपण एका चापटीत उतरलं. ज्याला मी आईचं अडणं समजत होते ते तिचं काम होतं. ती वाट बघत होती, आणि मी दर वेळी तिच्या पाहुण्याला हाकलून लावत होते. भाषा कुणाला तरी मारलेली हाक आहे हे मी त्या कारकुनाच्या तोंडून पानंच्या पानं लिहून काढलं होतं. पण हाक मारल्यावर ओ यायला वेळ द्यावा लागतो, एवढं माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

मी मावशीला हळूच विचारलं, ‘आणि कधी खरंच विसरली असेल तर?’

‘असंल की,’ मावशी म्हणाली. ‘कदी इसरत बी असंल. तुला भायेरून कसा कलायचा? थांबायचा दोनी वेली.’

मावशी त्यानंतर लग्नापर्यंत माझ्याकडेच राहिली. शिकवणी नाही, वेळ नाही, वही नाही. दोघी वाल सोलायच्या, सुकट निवडायच्या आणि मधेच कधीतरी गायच्या. आई एक नाव घ्यायची आणि थांबायची. कधी दोन श्वास, कधी इतका वेळ की मला खालच्या रिक्षाचे हॉर्न मोजता यावेत. मी टेबलावर बसून भाषांतर करायची आणि जीभ दातांखाली धरायची. आई कधी पुढे जायची, कधी नाही जायची. नाही गेली तर मावशी म्हणायची, ‘आज त्याला काम असंल,’ आणि दोघी चहा प्यायच्या. आईच्या ओळी वाढत गेल्या, पण घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावांपर्यंत ती घरी कधी पोचली नाही. शब्द घासलेलेच होते, पण कुठला शब्द आहे ते कळायचं. नेहमीच्या बोलण्यात मात्र ‘नाय’ आणि ‘बाय’ यांच्या पलीकडे ती गेली नाही.

लग्नाच्या दिवशी पळस्प्याच्या हॉलमध्ये इतका थंड एसी होता की म्हाताऱ्या बाया पदर कानावरून घेऊन बसल्या होत्या. भटजींचं झालं. मग आईला व्हीलचेअरवरून आणून पाटाऐवजी एका बुटक्या स्टुलावर बसवलं, समोर नवरानवरी. मावशी तिच्या उजव्या बाजूला, मी डाव्या. दादूस साउंडवाल्याजवळ उभा होता. माइक आईच्या तोंडाशी धरलेला, आणि दुसऱ्या वायरला दादूसचा मोबाईल जोडलेला. साउंडवाल्याचं बोट बटणाजवळ होतं, ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

आईनं सूर धरला. हजार माणसांतली निम्मी माणसं बोलत होती, लहान पोरं पळत होती. तिनं गावदेवीला हाक मारली. थांबली. दादूसनं साउंडवाल्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली, नको. मावशी आणि मागच्या बायांनी ओळ झेलली. आई पुढे गेली. डोंगरावरचा देव. थांबली. खाडी. थांबली. हळूहळू काय झालं मला सांगता येत नाही, पण तिच्या प्रत्येक थांबण्याबरोबर हॉलमधला आवाज एकेक पायरी उतरत गेला. पाचव्या नावाला पोरंसुद्धा गप्प होती. मिठागराचा बांध तिनं बोलावला, जो आता भरावाखाली गेलाय आणि ज्यावर नव्या रस्त्याचे दिवे लागतात. तोही आला असावा, कारण ती पुढे गेली.

मग घरातली गेलेली माणसं आली. आजोबा, आजी, मोठे काका. मला हे पाठ होतं. काकांच्या नावानंतर वहीत लगेच पुढची ओळ होती, आंब्याच्या डहाळीची. आईनं काकांना बोलावलं, थांबली, मग पुढचा सूर उचलला आणि तोडला. गप्प झाली.

इथे थांबा नव्हता. मला पक्कं ठाऊक होतं. इथे ती खरंच विसरली होती. मी तोंड उघडलं आणि मावशीनं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांचे वळ नंतर संध्याकाळपर्यंत होते.

आईनं मान वळवली आणि दादूसकडे पाहिलं. दादूसला वाटलं तिला पाणी हवंय. त्यानं कुणालातरी खूण केली, बाटली आली. आईनं ती बाजूला सारली. दादूसवरची नजर तिनं हलवली नाही. साउंडवाला दादूसच्या कानाशी लागला, लावू का म्हणून. हजार माणसं बघत होती. नवरीनं, पुतणीनं, मुंडावळ्या सावरून बापाकडे पाहिलं. दादूसचा चेहरा आधी वैतागलेला होता, मग गोंधळलेला, आणि मग एकदम त्यानं साउंडवाल्याचा हात बटणापासून बाजूला केला.

आमच्या आईनं बाबांचं नाव उभ्या जन्मात घेतलेलं नाही. त्या पिढीतल्या बाया घेत नाहीत. धवल्यात नवऱ्याला हाक मारायची असेल तर ती थोरल्या मुलानं मारायची असते. हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि दोघांच्याही मनात आलं नव्हतं.

दादूस वायरींवरून चालत पुढे आला. आईसमोर खाली बसला, एवढा धिप्पाड माणूस, कोटाची शिवण ताणली गेली. त्यानं बाबांचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मागच्या बायांनी ते नाव झेललं. मग आई थांबली, पुष्कळ वेळ थांबली, आणि कुणीच हललं नाही. त्यानंतर तिनं आंब्याच्या डहाळीची ओळ सुरू केली.

माझ्या वहीत ते नाव नव्हतं, कारण ते रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. मामाच्या पोरीच्या लग्नात बाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून सरबत पीत होते. त्यांना बोलवायची गरज नव्हती.